लिंबू काढलेलं विमान

आमच्या घराण्यात विमान बांधणारा मी पहिला, आणि घरातल्यांचं मत विचारलं तर शेवटचाही.

मी लातूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं वाचून कुणाला तशी शंकाही येणार नाही. (शाळेचं नाव सांगत नाही. तिचा यात काही दोष नाही.) वय पन्नाशीच्या पुढं, पोट त्याच्याही पुढं, आणि खिळा ठोकायचा म्हटलं तर खिळ्यापेक्षा माझं बोटच जास्त वेळा सापडतं. अशा माणसानं लाकडाचं, रिमोटवर उडणारं विमान बांधायला घेतलं, त्याला कारण माझी आत्या.

आमचं गाव नांदेड जिल्ह्यात, उमरीच्या अलीकडं. तिथं चौथीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी मला आपल्या थोरल्या बहिणीकडं, लातूरजवळच्या मुरुडला ठेवलं. दहावी होईपर्यंत मी आत्याच्या हातचं खाल्लं. तिच्या पोटचा दत्ता माझ्यापेक्षा लहान, तरी लोण्याचा मोठा गोळा माझ्याच भाकरीवर पडायचा. "पाव्हण्याचं लेकरू हाय," असं म्हणायची. दत्ता हे आजही सांगतो, आणि आजही रागानंच सांगतो. मी जो काही शिकलो, नोकरीला लागलो, ते त्या लोण्यावर. आत्यासाठी काहीतरी करायचं माझ्या मनात कायम असायचं, फक्त तिला कधी कशाची गरजच पडायची नाही.

यंदा पडली. दत्ताची मुलगी प्रियंका बंगळूरला नोकरीला असते. तिला पोळ्याच्या सुमारास मुलगा झाला, म्हणजे आत्या पणजी झाली. खरं तर प्रियंका बाळंतपणाला मुरुडलाच येणार होती, पण डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही म्हणून बजावलं आणि दत्ताची बायकोच तिकडं गेली. बाळही अंगानं नाजूक निघालं. तेव्हा बारसं दिवाळीनंतर, बंगळूरलाच, असं ठरलं. आता आमच्यात पणतवंडाचं तोंड बघणाऱ्या पणजीवर सोन्याची फुलं उधळतात. प्रियंकानं इवलीइवली फुलं घडवून घेतली होती, फोनवर दाखवलीसुद्धा. फुलं तयार, पणतू तयार, फक्त पणजी मुरुडमध्ये.

आत्याच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. रेल्वेनं इतका वेळ बसणं तिला जमणार नव्हतं. नांदेडहून विमान मिळत होतं, दत्ता सोबत जायला तयार होता. अडचण एवढीच होती की आत्या विमानाला तयार नव्हती. ती बैलगाडीत बसली होती, ट्रॅक्टरवर बसली होती, एकदा तर मळणीयंत्राच्या मागं लोंबकळत रानातून घरी आली होती. पण तिचं म्हणणं ठाम होतं.

"जे खालून कशालाच टेकलेलं न्हाई, त्यात मी बसत नसते."

सगळ्यांनी समजावून पाहिलं. प्रियंका फोनवर रडली. मग दत्ताला आठवलं की आपल्या घरात एक विज्ञानाचा मास्तर फुकट पडलेला आहे, आणि त्यानं मला मुरुडला बोलावून घेतलं.

मी गेलो तो वर्गात गेल्यासारखाच. कागदाची पट्टी ओठाला लावली, वरून फुंकर मारली, पट्टी उचलली गेली. हवेचा दाब कसा कमीजास्त होतो, पंखाचा आकार कसा असतो, सगळं सांगितलं. आत्यानं शेवटपर्यंत मन लावून ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे फुका मारत मला बंगळूरला नेणार का?"

दत्ता हसला, फोनवरची प्रियंका हसली. मला ते लागलं. माझ्यातला मास्तर जागा झाला, आणि मास्तर जागा झाला की माझा शहाणपणा झोपी जातो. मी सगळ्यांसमोर सांगून बसलो की आत्या, मी स्वतः विमान बांधतो, तुझ्याच रानात उडवून दाखवतो, मग तर बसशील?

आत्यानं थोडा विचार केला. "उडलं पायजे. आन् साबूत खाली आलं पायजे. मग बसते," ती म्हणाली. प्रियंका तिकडून ओरडली, "काका, तुमच्याच हातात आहे आता!" आजवर माझ्या हातात दिलेल्या वस्तूंचं काय होतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं, तरी ओरडली. लेकरू बिचारं किती अडचणीत असेल, यावरून ओळखा.

नवशिक्यांसाठीचं विमानाचं किट मागवलं. खोकं आलं ते इतकं हलकं की मला वाटलं आत नुसता कागद भरलाय. आत बाल्सा नावाच्या लाकडाच्या पट्ट्या होत्या. हे लाकूड म्हणजे फुंकरीनं टेबलावरून उडतं. म्हणजे तसं पाहिलं तर विमान आधीच तयार होतं, मी फक्त ते बिघडवायचं बाकी होतं. सुनंदाच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या, जेवणाच्या टेबलावर मी कारखाना मांडला. पट्ट्या जागेवर धरायला टाचण्या लागतात म्हणून तिच्या साडीच्या पिना घेतल्या. चिकटवायचा गोंद एका सेकंदात धरतो असं डबीवर लिहिलेलं होतं आणि ते अगदी खरं निघालं. त्यानं आधी माझा अंगठा विमानाच्या बरगडीला धरला, मग विमान टेबलाला धरलं. नळाला पाणी आलं होतं, सुनंदा हंडे भरून राहिली होती, आणि मी टेबलाला चिकटून तिला हाका मारत होतो. तिनं सगळी भांडी भरून घेतली, मोटर बंद केली, आणि मगच कोमट पाणी घेऊन आली. "कुठं पळून थोडंच जाणार होतात," म्हणाली.

अंगठा सुटला, पण विमानाचं शेपूट मोडलं. ते घेऊन मी रऊफभाईंकडं गेलो. रऊफभाईंचं आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुतारकामाचं दुकान. आज्यापासून धंदा तोच, चौकटी आणि पलंग. आमच्या लग्नातला पलंग त्यांच्याच वडिलांनी केलेला. तो अजून कुरकुरत नाही, मीच कुरकुरतो. त्यांनी बाल्साच्या पट्टीवर अंगठा दाबला, खड्डा पडला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या घराण्याचा अपमानच केलाय.

"सर, हे लाकूड हाय का खारी?"

मी सांगितलं की हलकंच लागतं, उडायचं असतं. कुणासाठी, कशासाठी, आत्याची अट काय, तेही सांगितलं. रऊफभाई गंभीर झाले. त्यांची अम्मी विमानानं हजला जाऊन आली होती. जायच्या आधी तीही अशीच घाबरली होती म्हणे, आणि आल्यावर महिनाभर दुसरं काही बोलतच नव्हती. शेपूट ठेवून जा, म्हणाले, उद्या देतो.

दुसऱ्या दिवशी शेपूट मिळालं. मोडलेल्या जागी त्यांनी आतून सागवानाची पट्टी घातली होती. घोटून घोटून अशी गुळगुळीत केलेली की सांधा दिसतसुद्धा नव्हता. "आता हत्ती बसू द्या," रऊफभाई म्हणाले, "शेपूट हलायचं न्हाई. आमच्या दुकानाचा माल आजपर्यंत वापस आला न्हाई, सर. आत्यांच्या समोर तर बिलकुल येऊ देणार न्हाई." हातात घेतल्यावर ते थोडं जड लागलं खरं. पण ज्या मायेनं केलं होतं ती बघून मला भरून आलं आणि मी ते तसंच लावून टाकलं. भरून आलेला माणूस वजन करत नाही.

मग विमानाला वरून रंगीत प्लास्टिकचा पापुद्रा चढवायचा होता. तो इस्त्रीनं चिकटवतात. मी इस्त्री घेतली आणि पहिल्याच फटक्यात पंखावर ठेवायच्या ऐवजी पापुद्र्याच्या गुंडाळीवर ठेवली. इस्त्रीला लाल रंग बसला, तो दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर उतरला, आणि दिवसभर शिक्षकांच्या खोलीत सगळे मला कुठं लागलं म्हणून विचारत राहिले. शेवटी सुनंदानं इस्त्री माझ्या हातातून काढून घेतली. तिनं ब्लाऊज बेततात तसा तो पापुद्रा बेतला, कडेला शिवणीएवढी जागा सोडली, आणि एकही सुरकुती न पडता सगळं विमान मढवलं. लाल पंख, पिवळं धड. काय देखणं दिसत होतं सांगू! मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही हात लावू नका, म्हणजे तसंच राहील.

दिवाळीच्या सुट्टीत विमान घेऊन आम्ही मुरुडला गेलो. रऊफभाईही आले, शेपटाची काळजी म्हणून. दत्तानं सोयाबीन काढलेल्या रानात एक पट्टा सपाट करून ठेवला होता आणि कडेचं सगळं भुसकट लोटून एका बाजूला मोठा ढीग केला होता. इथपर्यंत सगळं रीतसर चाललं होतं. संध्याकाळी विमान ओसरीवर ठेवलं आणि आत्या आरतीचं ताट घेऊन बाहेर आली.

आमच्याकडं नवी गाडी पूजेशिवाय दाराबाहेर काढत नाहीत. सायकल असो, ट्रॅक्टर असो, की ऊसतोडीचं यंत्र असो. विमान कसं सुटणार? आत्यानं पंखावर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं. दत्तानं नारळ फोडला, त्यातलं निम्मं पाणी मोटरवर उडालं आणि मी किंचाळलो. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडायची रीत आहे, तीही झाली. फक्त आमचं विमान एवढं हलकं की लिंबू चिरडायच्या ऐवजी तेच लिंबावर चढून बसलं. आत्यानं ते बघून ठेवलं. शेवटी तिनं तारेत ओवलेलं लिंबू-मिरची-बिब्बा आणलं आणि विमानाच्या नाकाखाली, पुढच्या चाकाच्या दांडीला, चांगलं घट्ट आवळून बांधलं. लिंबू झाडावरचं, मोठं. मिरच्याही बारदान भरल्यासारख्या.

विमान उडवायच्या आधी त्याचा तोल बघायचा असतो. पंखाखाली दोन्ही बाजूंनी एकेक बोट धरायचं. विमान बोटांवर आडवं राहिलं तर ठीक, शेपटाकडं किंवा नाकाकडं झुकलं तर मग उडवायचं नाही. घरी गडबडीत हे राहूनच गेलं होतं. मी सगळ्यांसमोर बोटं धरली. विमान असं सरळ राहिलं की त्यावर पाण्याची वाटी ठेवावी. मी तिथंच छोटंसं व्याख्यान दिलं. गुरुत्वमध्य म्हणजे काय, तो पहिल्याच झटक्यात साधणं किती अवघड असतं, आणि तो मला कसा साधला. सगळ्यांनी मान डोलावली. आत्यानं नुसतं लिंबू एकदा बोटानं हलवून बघितलं.

सकाळी रानात गेलो तर निम्मं मुरुड तिथं. दत्तानं कुणालाही सांगितलं नव्हतं, म्हणजे फक्त बाजारात सांगितलं होतं. कुणीतरी लग्नाच्या मंडपातल्या खुर्च्या आणल्या होत्या, चहा फिरत होता. आत्याला मधली खुर्ची. सुनंदाच्या हातात फोन, फोनवर प्रियंका, प्रियंकाच्या मांडीवर बाळ. गर्दीत माझे दोन-तीन जुने विद्यार्थीही दिसले, आता चांगले बापे झालेले. त्यातला एक माझ्या पाया पडला आणि उठताना त्याची नजर विमानाच्या नाकाखाली गेली.

"सर, आम्हाला तर तुम्ही अंधश्रद्धेवर अख्खा तास घेतला होता," तो म्हणाला. फार प्रेमानं म्हणाला.

मागं हशा पिकला. बस्स! मी खिशातून छोटी पक्कड काढली, तार तोडली आणि लिंबू-मिरची खिशात टाकलं. आत्या खुर्चीतून म्हणाली, "राहू दे रे सुधाकरा, खातंय का काही?" मी तिला दोन शब्दांत समजावलं. विमान हवेवर चालतं आत्या, लिंबावर नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानं पदर सावरला आणि गप्प बसली. आत्या गप्प बसली की मुरुडात शहाणी माणसं घराकडं वळतात. मी रिमोट हातात घेतला.

विमान पट्ट्यावरून धावलं आणि उचललं. खरंच उचललं! माझ्या हातचं, सुनंदाच्या इस्त्रीचं, रऊफभाईंच्या शेपटाचं विमान मुरुडच्या रानावर, कशालाच न टेकता, वर गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी केलेली वस्तू चालत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळं पुढचे काही क्षण मला नीट दिसलं नाही, आणि नेमके तेच क्षण महत्त्वाचे होते.

विमानानं नाक वर केलं. मी खाली दाबलं. त्यानं आणखी वर केलं. ते आभाळाकडं तोंड करून जवळजवळ उभंच राहिलं, तिथं त्याचा दम संपला, आणि ते मागं कलंडून खाली आलं. खाली येता येता सावरलं, पुन्हा नाक वर, पुन्हा उभं, पुन्हा धाडकन खाली. सुनंदा म्हणाली, "अहो, ते बिचकलेल्या बैलासारखं काय करून राहिलंय?" मी सांगितलं की तसंच असतं. मग ते वळलं आणि सरळ आमच्याकडं निघालं. विमान आपल्याकडं तोंड करून येत असलं की डावं-उजवं उलटं होतं; हे मला माहीत होतं, माझ्या हातांना माहीत नव्हतं. मी त्याला खुर्च्यांपासून लांब न्यायला गेलो आणि ते नेमकं खुर्च्यांवर आलं. निम्मं मुरुड खाली बसलं, चहावाला किटलीसकट आडवा झाला, आणि जो पाया पडला होता तो विद्यार्थी सगळ्यांत आधी पळाला. फक्त आत्या खुर्चीत ताठ बसून राहिली. गुडघ्यांमुळं तिला उठताच येत नव्हतं. विमान तिच्या डोक्यावरून गेलं, पलीकडं नाक वर केलं, एकदा शेवटचं उभं राहिलं, आणि भुसकटाच्या ढिगात नाकावर जाऊन घुसलं.

ढिगातून फक्त शेपूट वर दिसत होतं. रऊफभाई धावत गेले, शेपटावरून हात फिरवला आणि आनंदानं ओरडले, "सर, खरचटलंसुद्धा न्हाई!" आम्ही मग बाकीचं उपसून काढलं. एक पंख मधून मोडला होता, धड चिरलं होतं, नाक कुठं गेलं ते शेवटपर्यंत सापडलं नाही. फोनमधून प्रियंका विचारत होती, "काका, काय झालं? उडलं का?" सुनंदानं फोन पदराखाली धरला. खरं सांगतो, त्या क्षणी मला हसू येत नव्हतं. ज्या बाईनं मला लोणी घालून वाढवलं, तिच्यासाठी एकच गोष्ट करायची होती आणि मी ती भुसकटात घातली होती. ती इवली फुलं, ते बाळ, सगळं डोळ्यांपुढं आलं आणि मला कुणाकडं बघवेना.

आत्यानं खुर्ची ढिगाजवळ आणायला सांगितली. दत्तानं तिला खुर्चीसकट उचलूनच आणलं. तिनं मोडलेलं विमान मांडीवर घेतलं, उलटंपालटं करून बघितलं.

"उडलं तर खरं," ती म्हणाली.

"हाव आत्या."

"खालून कशालाच टेकलं नव्हतं."

"न्हाई."

"मंग पडलं कशानं?"

मी तोंड उघडलं आणि ती हातानं मला थांबवत म्हणाली, "काल बोटावर धरलंस तवा लिंबू होतं. तवा सरळ होतं. आज लिंबू काढलंस."

एवढंच म्हणाली. मी खिशातून ते लिंबू काढलं. चांगलं वजनदार होतं. त्यात मिरच्यांचा झुबका, बिब्बा आणि तार. एवढं सगळं नाकावरून काढल्यावर शेपूट खाली बसणार आणि नाक वर जाणार, हे सातवीच्या पोराला कळतं, कारण सातवीच्या पोराला ते मीच शिकवतो. आणि शेपूट जड का होतं, तेही मला त्याच क्षणी कळलं. आतलं सागवान! मी वळून बघितलं तर रऊफभाई शेपूट छातीशी धरून माझ्याकडंच बघत होते, तोंडभर आनंद. माझ्या जिभेवर आलेलं सगळं विज्ञान मी गिळून टाकलं.

"माझ्यामुळं पडलं, आत्या," मी म्हणालो. "चालवणाऱ्याची चूक."

"तेच म्हन्ते मी. इमानात खोट न्हाई. इमान चांगलंय, शेपटाकडं बघ की. खोट तुझ्यात हाय." मग तिनं अगदी शांतपणे विचारलं, "बंगळूरचं इमान कोण चालवतंय? तू तर न्हाईस ना?"

"न्हाई आत्या."

"नक्की?"

"नक्की."

"मंग दत्ता, काढ तिकीट."

सुनंदानं फोन पदराखालून काढला. प्रियंकाला काय झालं ते कळेना, पण ती रडत होती, बाळ रडत होतं, इकडं दत्ता रडत होता. रऊफभाईंनी आत्याला सांगून टाकलं की खिडकीजवळ बसा, आमची अम्मी बसली होती. मी रिमोट हातात धरून उभा होतो. इतका मोठा अपमान मला इतका गोड कधी लागला नव्हता.

नांदेडच्या विमानतळावर आम्ही सगळे सोडायला गेलो. आत्यानं नवं लुगडं नेसलेलं, हातात धपाट्यांची पिशवी. दारात तिनं मला जवळ बोलावलं, तोंडावरून हात फिरवला, आणि पिशवीतून तारेत ओवलेलं नवं लिंबू-मिरची काढून माझ्या हातात ठेवलं. "हे तू ठेव," म्हणाली. "त्यांना न्हाई लागायचं. तुला लागतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. तिचा लोण्याचा हात इतक्या वर्षांनी तसाच होता.

बंगळूरहून प्रियंकानं फोटो पाठवला. आत्या मधोमध बसलेली, मांडीवर पणतू, पांढऱ्या केसांत सोन्याची फुलं अडकलेली, आणि ती खुदकन हसून राहिलेली. मी तो फोटो रऊफभाईंना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. सुनंदानं तो फ्रेम करून भिंतीवर लावला. खिळा तिनंच ठोकला. त्याच्याशेजारी माझं विमानही टांगलेलं आहे. सुनंदानं नवा पापुद्रा चढवलाय, रऊफभाईंनी नवं नाक केलंय. तेही सागवानाचं. आता दोन्हीकडं सागवान असल्यामुळं त्याचा तोल अगदी बरोबर आहे, फक्त ते उडत नाही.

परत आल्यावर दत्तानं सांगितलं की विमानात चढताना आत्या दारातच अडून बसली होती. आत उभ्या असलेल्या गणवेशातल्या पोरीला तिनं विचारलं, चालवणारा लातूरचा मास्तर तर न्हाई ना? पोरगी हसून म्हणाली, नाही आजी. मग आत्या निवांत खिडकीशी बसली आणि बंगळूर येईपर्यंत घोरत झोपली. ते विमान सुखरूप उतरलं याचं श्रेय आमच्या घरी सगळे अजून मलाच देतात, कारण ते मी चालवत नव्हतो.